पाळणा आणि घरधनी

रात्रीच्या वर्गात आम्ही फळ्यावर एक लांब शब्द लिहिला. कुटुंबनियोजन. जोडाक्षर एकही नाही, पण अक्षरे सात. नव्याने वाचू लागलेल्या माणसाला असा शब्द म्हणजे चढणीची वाट. एकेका अक्षरावर बोट ठेवीत मंडळींनी तो वाचला. दोनदा वाचला. मग सतरंजीच्या कडेला बसलेला एक गडी उठून उभा राहिला. वय तिशीच्या आतबाहेर. तबेल्यात कामाला जातो. तो म्हणाला,

"गुरुजी, शब्द वाचला. आता एक विचारू का? तुमचं झालंय का?"

"काय?"

"हेच. आपरेशन."

वर्गात हशा पिकला. बायकांनी पदर तोंडाला लावले. आम्ही खडू खाली ठेवला. चौतीस वर्षे शाळेत काढली, पोरांनी नाही नाही ते प्रश्न विचारले. पण या प्रश्नाने आमची जीभ अडली. खोटे बोलावे असे क्षणभर वाटलेही. पण समोर बसलेली माणसे दिवसभर राबून, पोटात चार घास टाकून अक्षरे गिरवायला येतात. त्यांच्याशी खोटे कसे बोलावे? आम्ही म्हणालो, "नाही. आमच्या घरी बाईंनी केले. १९९१ साली, दुसऱ्या बाळंतपणानंतर."

"मग तुम्ही का नाही केलं?"

याला आमच्याकडे उत्तर नव्हते. आम्ही म्हणालो, "उद्या सांगतो," आणि वर्ग सोडला.

हा वर्ग भरतो तो पाडा बोरिवलीच्या पूर्वेला, डोंगराच्या पायथ्याशी आहे. मुंबईत कसले आले पाडे, असे तुम्ही म्हणाल. पण बोरिवली आणि मुलुंड ही गावे काही पहिल्यापासून मुंबईत नव्हती. १९५० साली मुंबईची हद्द जोगेश्वरी आणि भांडुपपर्यंत आली, आणि १९५७ साली दहिसर आणि मुलुंडपर्यंत. त्याआधी इकडे भातखाचरे होती, वाड्या होत्या. आजही बोरिवली आणि मुलुंड यांच्या मधल्या डोंगरात मोठे राखीव जंगल आहे, आणि त्याच्या पोटात व कडेने आदिवासी पाडे आहेत. एका बाजूला आगगाडी, दुसऱ्या बाजूला बिबट्या. तुमच्या गावात जे प्रश्न आहेत तेच इथेही आहेत.

त्या रात्री घरी गेलो. बाई कणीक मळत होत्या. वर्गातला प्रश्न त्यांना सांगितला. वाटले, हसतील. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मला तरी कुठं कुणी विचारलं होतं? डॉक्टरीणबाईंनी तुम्हांला विचारलं. तुम्ही हो म्हणालात." इतके बोलून त्या पुन्हा मळू लागल्या.

आम्हांला तो १९९१ सालचा दिवस आठवला. आम्ही त्या दिवशी काय केले? दवाखान्याच्या पायरीवर बसलो. घरून डबा नेला. आठव्या दिवशी टाके काढायला रिक्षा आणली. शेजारी म्हणाले, मास्तर बायकोला किती जपतात! आम्हांलाही तसेच वाटले. पोटावर टाके घेऊन, कडेवर तान्हे मूल घेऊन कोण वावरत होते, ते आम्ही पाहिले. पण हे आपणही करू शकलो असतो, हा विचार डोक्यात आला नाही. भीती होती म्हणून नाही केले, असेही नाही. विचारच आला नाही.

आमच्या लहानपणी म्हातारी माणसे बायकोला 'कुटुंब' म्हणत. "आमचं कुटुंब माहेरी गेलंय," असे बोलत. कधी कधी वाटते, कुटुंबनियोजन या शब्दाचा अर्थ पुरुषांनी तसाच घेतला असावा. कुटुंबाचे नियोजन, म्हणजे बायकोचे!

थट्टा सोडा. आकडे पाहा. २०१९ ते २०२१ या काळात सरकारने देशभर घरोघरी पाहणी केली. पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या लग्न झालेल्या बायकांत शंभरातल्या जवळजवळ ३८ जणींचे पाळणा थांबवण्याचे ऑपरेशन झालेले आढळले. आणि नवऱ्याचे ऑपरेशन झाले आहे, अशा किती? शंभरात एकही नाही. हजारात तीन. त्याच पाहणीत पुरुषांनाही विचारले होते, पाळणा लांबवणे, थांबवणे हे बायकांचेच काम आहे का? शंभरातले ३५ पुरुष म्हणाले, होय, त्यांचेच.

मूल दोघांचे. जमीन, घर, नाव बापाचे लागते. मग पाळणा थांबवायची वेळ आली की काम तेवढे एकटीचे कसे होते?

आपल्याकडे पूर्वी असे नव्हते, हे सांगितले तर पुष्कळांना खरे वाटणार नाही. हे काम आपल्या मुलखात सुरू केले तेच मुळी एका पुरुषाने. त्यांचे नाव रघुनाथ धोंडो कर्वे. बायकांच्या शिक्षणासाठी झटलेल्या महर्षी कर्व्यांचे हे थोरले चिरंजीव. ते नऊ वर्षांचे असताना, १८९१ साली, त्यांची आई बाळंतपणात गेली. पुढे ते गणिताचे प्राध्यापक झाले. पॅरिसला जाऊन शिकून आले. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले. त्याच साली लंडनमध्ये मेरी स्टोप्स या बाईंनी तसले केंद्र उघडले होते. म्हणजे विलायत पुढे आणि आपण मागे, असे या बाबतीत नव्हते.

लोकांनी काय केले? शेण फेकायचे तेवढे बाकी ठेवले. कर्वे विल्सन कॉलेजात शिकवीत. त्यांना सांगितले गेले, हे काम सोडा नाही तर नोकरी सोडा. १९२५ साली त्यांनी नोकरी सोडली. १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' नावाचे मासिक काढले आणि १९५३ साली मरेपर्यंत ते चालवले. त्यांच्यावर खटले झाले, दंड झाला. १९३४ सालच्या खटल्यात डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले. कर्व्यांच्या पत्नी मालतीबाई यांनी या सगळ्यात त्यांना साथ दिली. दोघांनी मिळून ठरवले होते की आपण मूल होऊ द्यायचे नाही. बरोबर की चूक ते सोडा. आम्हांला त्यातले 'दोघांनी मिळून' हे दोन शब्द मोलाचे वाटतात.

बाबासाहेबांनी पुढे हा विषय मुंबईच्या विधिमंडळापर्यंत नेला. १० नोव्हेंबर १९३८ रोजी त्यांच्या पक्षाचे सभासद रोहम यांनी ठराव मांडला की सरकारने संततिनियमनाचा प्रचार करावा आणि साधने पुरवावीत. ठराव ५२ विरुद्ध ११ मतांनी पडला. मते देणारे बहुतेक पुरुषच होते.

स्वातंत्र्य मिळाल्यावर सरकारनेच हे काम अंगावर घेतले. त्या काळी पुरुषच जास्त पुढे येत. १९६० नंतरच्या दहा वर्षांत देशात जी ऑपरेशने झाली, त्यांतली निम्म्याहून बरीच जास्त पुरुषांची होती. मुंबई महापालिकेचे डॉक्टर पै यांनी तर कमाल केली. माणूस दवाखान्यात येत नाही ना? मग दवाखाना माणसाच्या वाटेवर नेऊ, असे म्हणून त्यांनी रेल्वेच्या स्टेशनांवर नसबंदीची केंद्रे उघडली. गडी कामावरून सुटला, गाडीतून उतरला, आत गेला, थोड्या वेळाने बाहेर येऊन पुढची गाडी धरून घरी गेला. १९७१ सालच्या जुलै महिन्यात केरळात एर्नाकुलमला एक मोठे शिबिर भरले. त्या एका महिन्यात ६३ हजारांहून जास्त पुरुषांनी ऑपरेशन करून घेतले.

मग हे चक्र उलटे कसे फिरले?

याला कारण १९७६ साल. आणीबाणी होती. सरकारने जिल्ह्याजिल्ह्याला, खात्याखात्याला आकडे ठरवून दिले. एवढी माणसे आणा. आम्ही तेव्हा शाळेत होतो. आमच्या गुरुजींनाही माणसे आणण्याचा आकडा होता. नाही आणली तर पगार अडणार. गुरुजी शाळा सुटल्यावर वाड्यावाड्यांत फिरत. लोक त्यांना पाहून दारे लावून घेत. ज्या माणसाला गाव वाकून नमस्कार करी, त्याला पाहून दारे लागत! सरकारी गाडीचा आवाज आला की पुरुष रानात पळत. म्हातारे, अविवाहित, कुणालाही धरून नेले, अशा गोष्टी कानावर येत. आणि त्या सगळ्याच खोट्या नव्हत्या. त्या एका वर्षात देशात ८२ लाखांहून जास्त ऑपरेशने झाली. त्यांत ६२ लाख पुरुष होते. आपल्या महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर सक्तीच्या नसबंदीचा कायदाच मंजूर केला होता. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही, म्हणून तो अमलात आला नाही. १९७७ साली निवडणूक झाली आणि लोकांनी ते सरकार घालवले.

जबरदस्ती वाईटच. माणसाच्या देहावर त्याचा स्वतःचा अधिकार आहे. पण तिचा आणखी एक परिणाम झाला. पुरुषांच्या मनात बसलेली भीती गेली नाही. बापाने मुलाला सांगितली, मुलाने नातवाला. पुढे सरकारी माणसांनाही कळून चुकले की पुरुषाला हात लावला तर ओरड होते. बाई बोलत नाही. मग सारी शिबिरे बायकांची भरू लागली. २०१४ साली छत्तीसगडात बिलासपूर जिल्ह्यात एका शिबिरात काही तासांत ८३ बायकांची ऑपरेशने उरकली. त्यांतल्या दहाहून जास्त बायका दगावल्या. पुढे २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने असली शिबिरे तीन वर्षांच्या आत बंद करा असे सरकारला सांगितले.

दुसऱ्या दिवशी हे सारे आम्ही वर्गात सांगितले. त्या गड्याने मान हलवली. पण त्याचा खरा प्रश्न निराळाच होता. तो वर्ग सुटल्यावर मागे थांबला, आणि मग कळले. त्याला तीन मुले. मधे एक गर्भ पडला. बायको चालताना धापा टाकते. महापालिकेच्या दवाखान्यात रक्त तपासले, ते साडेसहा भरले. बाईच्या अंगात ते निदान बारा असावे लागते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पुन्हा दिवस गेले तर हिच्या जिवाला धोका आहे. आणि इतक्या कमी रक्तावर पोटाचे ऑपरेशनही आत्ता करता येणार नाही, आधी रक्त वाढवा. गोळ्या दिल्या आहेत.

"मग तू करून घे की," आम्ही म्हणालो.

तो जमिनीकडे पाहू लागला. "आई म्हणते, शेणाच्या पाट्या उचलायचं काम आहे. कमजोरी आली तर खाणार काय? आणि गुरुजी... पुरुषपण जातं म्हणतात."

हे दोन प्रश्न पाड्यावर, गावात, चाळीत, सगळीकडे आहेत. लाजेने कुणी विचारीत नाही. म्हणून आम्ही दवाखान्यातल्या डॉक्टरांना समक्ष विचारून आलो. ते इथे मोकळेपणाने लिहितो. वाचणाऱ्याने लाजू नये.

पुरुषाची दोन अंडे असतात. ती दोन कामे करतात. एक, पुरुषबीज तयार करणे. दुसरे, पुरुषपणाचा रस तयार करून रक्तात सोडणे. दाढी-मिशा, घोगरा आवाज, अंगातली ताकद, बायकोची ओढ ही सगळी या रसाची करणी. हा रस रक्तातून फिरतो. बीज मात्र दोन बारीक नळ्यांतून वर जाते. नसबंदीत डॉक्टर या दोन नळ्या तेवढ्या बांधून तोडतात. अंडांना हात लावीत नाहीत. म्हणजे विहीर तशीच, पाणी तसेच, एक पाट तेवढा बुजवला. रक्तात जाणारा रस आधी जात होता तसाच जातो. बैल खच्ची करतात तसे हे आहे, असे पुष्कळांना वाटते. तसे मुळीच नाही. खच्ची करताना बैलाचे अंडच निकामी करतात. इथे अंड शाबूत राहते.

संगाच्या वेळी जे बाहेर पडते, त्यात बीजाचा भाग फार थोडा. शंभर थेंबांत पाचही नाहीत. बाकीचे पाणी दुसऱ्या ग्रंथींतून येते. म्हणून ऑपरेशननंतर माणसाला काही फरक कळतही नाही. अडलेले बीज अंगातच जिरून जाते.

आता ऑपरेशन कसे होते ते. पूर्वी छोटी चीर देत, टाके घालीत. १९७४ साली चीनमधल्या ली या डॉक्टरांनी बिनटाक्याची रीत काढली. आता आपल्याकडेही तीच चालते. तेवढी जागा सुईने बधिर करतात. कातडीला बारीक भोक पाडून त्यातूनच दोन्ही नळ्या बांधतात. पंधरा-वीस मिनिटांचे काम. टाका नाही. माणूस थोडा वेळ पडून राहतो आणि त्याच दिवशी आपल्या पायांनी घरी जातो. दोन दिवस विश्रांती. आठवडाभर जड ओझे उचलायचे नाही, सायकल चालवायची नाही, लंगोट किंवा घट्ट चड्डी वापरायची. ताप आला, सूज वाढली, पू आला, तर घरगुती लेप लावीत न बसता डॉक्टरांकडे जायचे. बाईचे ऑपरेशन यापेक्षा मोठे. तिचे पोट उघडावे लागते, आणि विश्रांती जास्त लागते. ती तिला मिळते का, हे ज्याने त्याने आपल्या घरी पाहावे.

एक गोष्ट फार महत्त्वाची आहे, आणि तीच लोक विसरतात. नळ्या बांधल्या तरी पुढच्या भागात आधीचे बीज शिल्लक असते. म्हणून तीन महिने निरोध वापरलाच पाहिजे. तीन महिन्यांनी दवाखान्यात तपासणी करायची. बीज नाही असा कागद हातात आला की मग मोकळे. ही तपासणी न केल्याने काही बायकांना दिवस जातात. मग गाव बाईकडे बोट दाखवते, किंवा डॉक्टरांना शिव्या देते. चूक कुणाची होती? तेव्हा हा तीन महिन्यांचा नियम घराच्या भिंतीवर लिहून ठेवा.

नसबंदी कायमची समजून करावी. पुढे नळ्या जोडता येतात असे कुणी सांगेल, पण त्याचा भरवसा नाही. म्हणून ज्यांना आणखी मूल नकोच आहे, त्यांनीच करावी. सरकारी नियम असा की पुरुष विवाहित असावा, वय बावीस ते साठ असावे, आणि निदान एक मूल वर्षापेक्षा मोठे असावे. सरकारी दवाखान्यात पैसे पडत नाहीत. उलट बुडालेल्या मजुरीबद्दल काही रक्कम मिळते. ती किती, ते तिथेच विचारावे. कुणी आकड्यासाठी मागे लागला, धाक घातला, तर सरळ नाही म्हणावे. कागदावर सही आपली असते.

ज्यांना पाळणा थांबवायचा नाही, नुसता लांबवायचा आहे, त्यांनी काय करावे? निरोध आहेच. १९६८ साली सरकारने तो बाजारात आणला तेव्हा पंधरा पैशांना तीन मिळत. आज सरकारी आरोग्य केंद्रात तो फुकट मिळतो. गावात आशाताई देतात. त्याने गुप्तरोगही टळतात, नसबंदीने ते टळत नाहीत. बाईसाठी गोळ्या आहेत, तांबी आहे, तीन महिन्यांनी घ्यायचे इंजेक्शन आहे. त्यांतले काय सोसेल ते डॉक्टर तपासून सांगतात. तांबी बसवल्यावर बाईला पहिले काही महिने अंगावर जास्त जाते, कंबर दुखते. अशा वेळी नवरा म्हणतो, "काढून टाक ती भानगड." भानगड काढली की दिवस राहतात. त्याऐवजी एक दिवसाची मजुरी सोडून तिच्याबरोबर दवाखान्यात गेला असता तर?

पुष्कळ घरांत तिसरे, चौथे मूल होते ते मुलग्यासाठी. मुली झाल्या म्हणून सुनेला बोल लावतात. इथे एक शास्त्राची गोष्ट सांगितली पाहिजे. बाईचे बीज एकाच जातीचे असते. पुरुषाचे बीज दोन जातींचे असते. एका जातीच्या बीजाने मुलगी होते, दुसऱ्या जातीच्या बीजाने मुलगा. कोणते पोहोचले त्यावर ठरते. ते कुणाच्या हातात नाही. पण बोलच लावायचा तर तो बाईला लागत नाही. हे आम्ही वर्गात सांगितले तेव्हा एक म्हातारी मोठ्याने म्हणाली, "हे चाळीस वर्सं आधी कुणी का नाय सांगितलं?" तिच्या अंगावर चार मुली.

आता ठाणे जिल्ह्यातली एक गोष्ट. तुमच्या-आमच्यासारख्याच गावांतली. २०१२ साली, पालघर वेगळा जिल्हा होण्याआधी, ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात एक प्रयोग सुरू झाला. परळच्या प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेचे लोक आणि परदेशातल्या विद्यापीठाचे लोक त्यात होते. त्यांनी गावांचे पन्नास गट केले आणि एक हजारावर तरुण जोडपी निवडली. निम्म्या गटांत नेहमीचे सरकारी काम चालू राहिले. बाकीच्या गटांत गावातच वैद्यकी करणाऱ्या पुरुषांना शिकवून तयार केले. त्यांनी नवऱ्यांना गाठायचे. तीन बैठका. दोन बैठका एकट्या नवऱ्याबरोबर, आणि एक नवरा-बायको दोघांना समोर बसवून. बोलायचे काय? पाळणा लांबवायची साधने कोणती, मुलगाच हवा हा हट्ट कशाला, बायकोला मान द्या, हात उगारू नका, तिच्या मनाविरुद्ध जवळ जाऊ नका.

पुढे नऊ महिन्यांनी आणि दीड वर्षाने घरी जाऊन विचारले. बायकांनाही विचारले. कारण नवरा आपली फुशारकी सांगेल! ज्या गावांत बैठका झाल्या, तिथे नवरा-बायको या विषयावर जास्त बोलू लागले होते, आणि साधन वापरणारी जोडपी दुसऱ्या गावांपेक्षा जास्त होती. दीड वर्षाने असेही दिसले की नवऱ्याने जबरदस्तीने जवळ येण्याच्या तक्रारी त्या गावांत कमी झाल्या होत्या.  कुणाला धाक घातला नाही. पुरुषाने पुरुषाशी नीट बोलावे, एवढेच केले. १९७६ साली गाड्या पाठवून जे झाले नाही, ते चटईवर बसून थोडेसे तरी झाले. पुढे जुन्नर तालुक्यात असाच प्रयोग केला, तेव्हा बायकांसाठीही वेगळ्या बैठका ठेवल्या. हे आम्हांला जास्त पटते. आमच्या घरच्या बाईंना १९९१ साली कुणी तसे विचारले असते, तर त्यांनी काय सांगितले असते, कोण जाणे.

तबेल्यातला तो गडी चार-पाच दिवस वर्गाला आला नाही. आम्हांला वाटले, जास्त बोललो, बिचकला. पण तो घरी बोलत होता. आधी बायकोशी. तिने मान हलवली नाही. म्हणाली, तुम्ही पडलात तर घर कोण चालवणार? मग दोघे मिळून डॉक्टरांकडे गेली आणि तिने स्वतःच विचारले, ओझे उचलता येईल का? डॉक्टर म्हणाले, आठ दिवसांनी हवे तेवढे. आईला सांगायला मात्र दोघेही घाबरली. शेवटी सुनेनेच सांगितले. म्हातारी दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "ती गेली तर तीन पोरं माझ्याच गळ्यात येतील. कर बाबा काय ते."

ऑपरेशनच्या दिवशी त्याने आम्हांला बरोबर नेले. दवाखान्यात संमतीचा कागद पुढे आला. कारकुनाने शाईची डबी सरकवली आणि म्हणाला, "अंगठा इथे." आमचा गडी म्हणाला, "थांबा, वाचतो." आणि त्याने वाचायला सुरुवात केली. बोट ठेवून, एकेक अक्षर. मागे माणसे खोळंबली. कारकून चुळबुळ करू लागला. 'शस्त्रक्रिया' या शब्दापाशी गाडी अडली. त्याने आमच्याकडे पाहिले. आम्ही गप्प राहिलो, वर्गात राहतो तसे. त्याने पुन्हा प्रयत्न केला, स्त्र फोडला, क्रि फोडला, आणि पुढे गेला. पाऊण तास लागला. कायमची, माझ्या इच्छेने, कुणाच्या दबावाखाली नाही, हे सगळे त्याने मोठ्याने वाचले. मग सही केली. सहीतली वेलांटी चुकली, ती आम्ही मुद्दाम दाखवली नाही.

संध्याकाळी तो चालत पाड्यावर आला. आठ दिवस त्याच्या पाट्या भावाने उचलल्या. नवव्या दिवसापासून तो कामाला लागला. बायकोने भिंतीवर कोळशाने तीन आडव्या रेघा ओढल्या होत्या. महिना झाला की एक पुसायची.

तिसरी रेघ पुसल्यावर तो तपासणीला गेला, आणि कागद घेऊन तसाच वर्गात आला. बाजूला बोलावून आम्हांला दाखवील असे वाटले होते. तसे केले नाही. त्याने तो सतरंजीवर मधोमध ठेवला आणि म्हणाला, "वाचा." तीन-चार जण वाकले. त्याची बायको पलीकडच्या बाजूला होती. तिने हात लांब करून कागद आपल्याकडे ओढला. ती दोनच महिन्यांपूर्वी वर्गाला येऊ लागली होती. तिला जोडाक्षरे यायची होती अजून. "बी-ज," तिने वाचले. मग थोडे थांबून, "ना-ही." तिचे रक्त त्या आठवड्यात नऊवर आले होते.